पाळण्याची दोरी कोणाच्या हातीं?

आमच्या गांवांतील एका तरुण शेतकऱ्याच्या घरीं गेल्या सुगीनंतर पहिलें मूल झालें. मूल घरीं येण्यापूर्वींच त्या घरांत काय काय आलें तें सांगतों : चाकांची गाडी, विजेवर हलणारा पाळणा, चालावयास शिकविणारा गाडा, दुधाच्या चार बाटल्या, डब्यांतील दूध आणि सुगंधी पावडर. दुकानदारानें हप्ते बांधून दिले. एकंदर रक्कम १८,००० रुपये. बाळंतिणीच्या ताटांत काय पडतें याची विचारपूस मात्र कोणीं केली नाहीं. दीड महिन्यानें तेंच मूल जुलाबानें सुकून तालुक्याच्या दवाखान्यांत गेलें आणि बापानें व्याजानें पैसे काढले. निर्मिकाच्या कृपेनें मूल वांचलें. हप्ते अजून चालू आहेत.

त्या पोराला आम्ही दोष देत नाहीं. पहिल्या लेंकराची हौस कोणास नाहीं ? पण ज्यांना ही हौस ओळखून धंदा करतां येतो, ते फार शहाणे असतात. महात्मा फुले यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत, धर्माच्या नांवावर भटजी शेतकऱ्याला जन्मापासून कसा नाडतो, याचा पाढा वाचला आहे. जुना जोशी पंचांग उघडून सांगे, ‘मूल मूळ नक्षत्रावर आहे, शांत करा.’ आजचा जोशी हातांतल्या मोबाईलमध्यें बसून सांगतो, ‘ही वस्तु घेतली नाहीं तर तुमचें मूल मागें पडेल.’ भीति तीच, दक्षिणा तीच. फक्त पंचांग बदललें.

मग बाळाला खरोखर लागतें तरी काय ? पहिली गोष्ट आईचें दूध. जन्मल्यापासून तासाभराच्या आंत तें पाजावें आणि सहा महिनेपर्यंत पाणीसुद्धां देऊं नये, असें डॉक्टर सांगतात. म्हणून बाळासाठीं पहिला रुपया खर्चावयाचा तो आईच्या ताटावर : भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडें, दूध आणि दुपारची झोंप. दुसरी गोष्ट कापड. जुन्या धोतराचीं व लुगड्याचीं मऊ दुपटीं आणि लंगोट उन्हांत वाळवून ठेवावे. विकत घेतलेलें झबलें दोन-तीन महिन्यांत आंखूड होतें. तिसरी मच्छरदाणी. चौथी ताप पाहण्याची नळी. पांचवा हात धुण्याचा साबण. संपली यादी. लस सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते. २०११ सालापासून तेथें बाळंतपण, औषध आणि घरीं पोंचविणारी गाडी यांनाहि पैसा पडत नाहीं. तो हक्क सोडून हप्ते कां घ्यावे ?

आतां नको त्या वस्तु. बाटली नको, ती नीट उकळली गेली नाहीं तर तिच्यांतून जुलाब पोटांत जातो. आई आजारी असली किंवा दुर्दैवानें नसली, तर डॉक्टरांस विचारून वरचें दूध वाटी-चमच्यानें पाजावें. डब्यांतील दूध आणि बाटल्या यांची जाहिरात १९९२ च्या कायद्यानें बंद केली आहे, पण शेजारणीच्या तोंडाला कायदा कुलूप घालूं शकत नाहीं. चालण्याचा गाडा नको. त्यांतून मुलें पायरीवरून कोसळतात, चुलीपाशीं जातात. कॅनडा देशानें २००४ सालीं तो विकण्यासच बंदी केली. आमच्या घरच्या वस्तूंनाहि सूट नाहीं : काजळांत शिसें असूं शकतें, वर्षाच्या आंत मध चाटविणें घातक ठरूं शकतें, आणि मोहरीची उशी डोकें गोल करीत नाहीं. बाळ सपाट अंथरुणावर, उशीशिवाय, उताणें निजवावें.

आणखी एक ओझें आहे, तें मुलीच्या माहेरावर. बाळंतविडा, चांदीचे वाळे, पाळणा, जांवयाला पोशाख. हें सर्व करतां करतां बाप कर्जांत बुडतो. आणि नात झाली तर तींच सासरचीं माणसें बारशालाहि हात आंखडतात ! लेंक जन्मली म्हणून तिची आई कमी जेवावी काय ?

यावर आम्हीं आमच्या शाळेंत एक उपाय केला. बचत गटाच्या बायांनीं एक पेटी ठेवली : धुतलेलीं झबलीं, दुपटीं, मच्छरदाणी, आणि एक लांकडी पाळणा. ज्या घरीं बाळ, त्या घरीं पेटी. मूल मोठें झालें कीं परत. दोन वर्षांत ती नऊ घरें फिरली. दहाव्या घरच्या आजीबाईंनीं विचारलें, “गुरुजी, हा पाळणा आधीं कोणाच्या घरीं होता ?” आम्हीं खरें तें सांगितलें : मांगवाड्यांत. पाळणा दारांतूनच परत आला, आणि त्याच सायंकाळीं नवा पाळणा हप्त्यानें आला.

बंधु-भगिनींनो, आमचें दुखणें येथें आहे. आम्हांला दुकानदार लुटतो तो केवळ आमच्या अज्ञानानें नव्हे, आमच्या भेदानेंहि लुटतो. शेजाऱ्याचा पाळणा ज्याला चालत नाहीं, त्याला सावकाराचें व्याज चालवून घ्यावें लागतें. दुसऱ्या दिवशीं त्या घरची सून स्वतः शाळेंत आली आणि पेटींतलीं दुपटीं घेऊन गेली. पाळण्याविषयीं ती कांहीं बोलली नाहीं. आम्हींहि विचारलें नाहीं. पेटी ठेवावयास मोठा पैसा लागत नाहीं. प्रत्येक गांवच्या शिक्षकानें आणि शिकल्यासवरल्या बायांनीं एक पेटी ठेवावी, आणि ती कोणत्या वाड्यांतून आली हें विचारणाऱ्यास खरें उत्तर द्यावें.

— खेड्यांतील एक मास्तर