गुरुवारचा आकडा

मराठी मालिकांच्या सेटवर गुरुवारची धास्ती असते. शनिवार ते शुक्रवार असा मोजलेला आठवडा पुढच्या गुरुवारी वाहिन्यांच्या हाती पडतो, आणि कुणाचं लग्न लांबणार, कुणाला अपघात होणार, कोण अचानक परदेशी जाणार, हे त्यानंतर ठरू लागतं. यंदाचा आमचा विशेष विभाग मराठी दूरचित्रवाणीवर आहे. त्यातला जवळपास प्रत्येक लेख कुठेतरी टीआरपीपाशी येऊन दात-ओठ खातो. लेखकांचा राग आम्हाला समजतो, पण तो थोडा चुकीच्या पत्त्यावर जातोय असं वाटतं. म्हणून हे चार शब्द.

आधी तो आकडा येतो कुठून ते पाहू. २०१५पासून हे काम ‘बार्क’ करते. त्याआधी ‘टॅम’ करत असे. निवडलेल्या घरांत मीटर बसवलेला असतो. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती हा मीटर टिपतो. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एक बटण असतं. टीव्हीसमोर बसताना ते दाबायचं. २०२०मध्ये देशात अशी सुमारे ४४ हजार घरं होती आणि टीव्ही असलेली घरं होती २१ कोटी. म्हणजे एक घर पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलत होतं. त्या घरातली आजी डोळ्यांना पदर लावून मालिका बघत असेल आणि सून मेथी निवडता निवडता नुसती ऐकत असेल. दोघींनी बटण दाबलेलं असेल, तर हिशेबात दोघी सारख्याच. आवड मोजण्याची सोय या यंत्रात नाही. रोज साडेसातला हे घर कुठे असतं, एवढंच ते सांगतं.

वाहिनीला हवं असतं तेही एवढंच. जाहिरातदार दहा-दहा सेकंदांचे तुकडे विकत घेतो आणि एका रेटिंग पॉइंटमागे किती रुपये पडले, हे बघतो. त्यामुळे वाहिनीच्या लेखी मालिका येते-जाते, स्लॉट कायम राहतो. आमच्या लेखकमित्रांना हेच पटत नाही. आपली गोष्ट पडली, असं त्यांना वाटतं. वरच्या मजल्यावर मात्र ‘साडेआठ पडला’ अशी चर्चा असते. मग साडेआठला आधार म्हणून आठची मालिका तासभर ताणायची, दोन मालिकांतली कुटुंबं एकाच हळदीकुंकवाला जमवून ‘महासंगम’ करायचा, रविवारी महाएपिसोड लावायचा. धडपड सगळी रिमोट कोचावरच पडून राहावा म्हणून.

‘आई कुठे काय करते’चंच बघा. डिसेंबर २०१९मध्ये ‘स्टार प्रवाह’वर सुरू झालेली ही मालिका संध्याकाळी साडेसातची होती आणि दीर्घकाळ मराठीतल्या पहिल्या काही मालिकांत राहिली. मार्च २०२४मध्ये ती दुपारी अडीचला गेली, साडेसात नव्या मालिकेला मिळाले आणि नोव्हेंबरात ती संपली. अनेकांना ही शिक्षा वाटली. आमच्या मते हा सवयीचा व्यवहार होता: जुन्या मालिकेमागे माणसं दुपारीही येतात का, ते वाहिनीला पाहायचं असावं. यात एक बाई मात्र निसटली. नोकरीवरून येऊन साडेसातला मालिकेतल्या अरुंधतीला भेटणारी बाई अडीचला ऑफिसात असते. तिने लोकलमध्ये मोबाइलवर भाग पाहिला असेल, पण घरातल्या टीव्हीला लावलेल्या मीटरला त्याचा पत्ता नाही.

कुणाला मोजलं जातं, यावर बरंच ठरतं, आणि इथे टीआरपीच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे. ऑक्टोबर २०१५पासून ‘बार्क’च्या आकड्यांत ग्रामीण भाग आला. २०१६मध्ये ‘झी मराठी’वर कोल्हापूरच्या मातीतला पैलवान राणा आला, पुढच्या वर्षी ‘लागिरं झालं जी’मधून साताऱ्याकडचा फौजी आला. हा निव्वळ योगायोग नसावा. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातून मराठी मालिका बाहेर पडली, यात मीटरचाही हात आहे. प्रयोगाला जागा मिळते तीही बहुधा घड्याळाच्या कडेला. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६मध्ये रात्री साडेदहाला आली. त्या वेळी गमावण्यासारखं फारसं नसतं, म्हणून सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा, मालवणी हेल आणि भुताटकी हे सगळं चालून गेलं. हीच गोष्ट आठ वाजता मागितली असती, तर तिला आधी एक सासू जोडायला सांगितलं असतं.

मार्च २०२०मध्ये शूटिंग थांबलं, तेव्हा वेळापत्रकवाल्यांची सगळी विद्या उघडी पडली. २८ मार्चपासून दूरदर्शनने १९८७चं ‘रामायण’ सकाळी नऊ आणि रात्री नऊला लावलं आणि खासगी वाहिन्या बघत राहिल्या. एरवी सकाळी नऊला कोण टीव्हीसमोर बसतं! पण त्या दिवसांत डबा नव्हता, गाडी नव्हती, सवयीच मोडल्या होत्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी मीटर असलेल्या घरांना पैसे दिल्याच्या संशयावरून गुन्हा नोंदवला. एका घरामागे पावणेपाच हजार घरं असतील, तर असा मोह कुणालाही पडेल. बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे थांबवले गेले, ते मार्च २०२२मध्ये पुन्हा सुरू झाले. म्हणजे जवळपास सतरा महिने गुरुवार नव्हता. त्या काळात स्टुडिओतला आरडाओरडा कमी झाल्याचं आमच्या तरी कानांना जाणवलं नाही. आकडा गेला तरी आकड्याची भीती अंगात मुरलेली असते, आणि समोरच्या वाहिनीकडे बघत बघत कार्यक्रम आखायची खोडही.

आम्ही दिवाळी अंकवाले या बाबतीत सुखी, असं वाटेल. १९०९च्या ‘मनोरंजन’पासून आजवर कुठल्याही संपादकाला कुठलं पान कुणी, किती वेळ वाचलं ते कळलेलं नाही. एकच अंक वाचनालयातून चाळीस घरं फिरतो आणि आमच्याकडे त्याची नोंद एक प्रत एवढीच. मोजमाप नसल्यामुळे आम्हाला शंभर पानांची दीर्घकथा छापता येते, सहा कविता सलग लावता येतात. पण मीटर नसला म्हणून अंदाज नसतो, असं थोडंच आहे? गेल्या वर्षी संपादकीय बैठकीत वार्षिक राशिभविष्य वगळण्याचा विषय निघाला. तात्त्विक चर्चा छान झाली, सगळे वगळण्याच्याच बाजूने बोलले. मग वितरण सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने फक्त घड्याळाकडे पाहिलं आणि चहा मागवला.

भविष्य यंदाही शेवटच्या सोळा पानांत आहे.

— संपादक