ओपीडीतली दोन मिनिटे

पेठ-सुरगाण्याकडची माणसे द्राक्षछाटणीला दिंडोरी-निफाडला उतरली की इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची ओपीडी फुगते. बाई सांगते, ‘अंग ठणकतंय, खांदे भरून आलेत.’ तपासणीत काही सापडत नाही. ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका,’ म्हणून पुढचा केसपेपर ओढला जातो. दिवसाची मजुरी बुडवून आलेली ती बाई संध्याकाळी खासगी दवाखान्यात सलाइन लावून घेते. मग आपणच म्हणतो, लोकांना सुईचं वेड आहे!

लक्षणे आहेत पण तपासणीत दोष नाही, अशाच २०० रुग्णांवर के. बी. थॉमस या इंग्लंडमधल्या जनरल प्रॅक्टिशनरने केलेला अभ्यास १९८७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. काहींना ठाम निदान देऊन ‘थोड्या दिवसांत बरे वाटेल’ असे सांगितले, तर काहींना ‘नक्की काय झालंय ते सांगता येत नाही’ असे. दोन आठवड्यांत पहिल्यांपैकी ६४ टक्के बरे झाले, दुसऱ्यांपैकी ३९. औषध दिलेल्यांत बरे झाले ५३ टक्के, न दिलेल्यांत ५०. अभ्यास जुना आहे, लहान आहे. आणि खोटे निदान ठोकून द्यावे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये.

वेळ नाही, ही तक्रार खरीच आहे. २०१७ च्या ६७ देशांच्या आढाव्यात स्वीडनमधला डॉक्टर रुग्णाला साडेबावीस मिनिटे देत होता, आपल्याकडचा जेमतेम दोन. पण ‘मांडवाखाली दिवसभर हात वर करून स्नायू आखडलेत. हाडाला काही नाही. दोन-तीन दिवसांत उतार पडेल. नाही पडला किंवा ताप आला, तर परत या, मी बघतो,’ एवढे म्हणायला कितीसा वेळ लागतो? यात धीर आहे, मुदत आहे, परतीची वाटही आहे.

हे शिकवायचे कुठे, इथे आपले घोडे अडते. मेडिकल कौन्सिलने २०१८ मध्ये वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारे ‘एटकॉम’ आणले, २०१९ च्या बॅचपासून ते एमबीबीएसला लागू झाले. पण लेक्चर हॉलमधल्या रोल-प्लेत रांग नसते, रडणारे मूल नसते, कोकणा बोलणारी आजी नसते. बोलणे खऱ्या ओपीडीतच शिकवावे लागेल. इंटर्नशिपचे १२ आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे असतात. त्यात वरिष्ठाने शेजारी बसून इंटर्नचे बोलणे ऐकावे, नंतर चहाच्या वेळी मोकळेपणाने दुरुस्त करावे. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनाही हे मिळायला हवे. मधुमेहाच्या रुग्णाला ‘आता आयुष्यभर गोळी’ हे त्यांनाही सांगावे लागते.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे. त्याने इंटर्नच्या लॉगबुकात अशा ऐकलेल्या तपासण्यांसाठी एक पान घालावे. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मात्र परिपत्रकाची वाट पाहू नये. येत्या सोमवारी इंटर्नशेजारी खुर्ची टाकून बसावे आणि काय ऐकले ते आम्हाला लिहून कळवावे.