थापटण्याची परीक्षा

श्रद्धा म्हटली की प्रश्न विचारायचा नाही, आणि प्रश्न विचारला की श्रद्धा संपली, असा एक समज आपल्या सार्वजनिक चर्चेत दृढ झाला आहे. गंमत अशी की, स्वतःला बुद्धिवादी म्हणविणारे आणि स्वतःला धर्माभिमानी म्हणविणारे असे दोघेही या एका मुद्द्यावर एकमत आहेत. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे तेराव्या शतकात नांदून गेलेल्या एका कुंभाराची कथा या दोघांनीही पुन्हा एकदा ऐकावी अशी आहे.

तेरणेच्या काठचे हे गाव अभ्यासकांना प्राचीन ‘तगर’ म्हणून ठाऊक आहे. सामान्य मराठी माणसाला मात्र तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. कथा सर्वश्रुत आहे. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईंचे लक्ष कोपऱ्यातल्या थापटण्याकडे गेले. हे कशासाठी, असे त्यांनी विचारले. मडके कच्चे की पक्के हे याने कळते, असे गोरोबांनी सांगितले. मग या मडक्यांचीही परीक्षा होऊन जाऊ द्या, असे मुक्ताबाई म्हणाल्या. गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. सर्वांनी निमूटपणे सोसले. नामदेव तेवढे संतापले, आणि तेच कच्चे मडके ठरले.

कीर्तनात हा प्रसंग हसतखेळत सांगितला जातो आणि श्रोते पुढे सरकतात. परंतु क्षणभर थांबून पाहिले तर तो विलक्षण आहे. नामदेव हे काही संशयात्मे नव्हते. प्रत्यक्ष विठ्ठल त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचा नैवेद्य खातो, अशी त्यांची ख्याती होती. आजच्या भाषेत सांगायचे तर ईश्वराचा साक्षात अनुभव ज्याच्यापाशी सर्वाधिक होता, त्यालाच भक्तांच्या मेळ्याने सांगितले की तेवढ्याने भागत नाही. अनुभव आला हे मान्य. पण अनुभव घेणारा कसा आहे, तो धक्का लागताच कोसळतो की सावरतो, हे पाहावे लागेल. नामदेवांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जावे लागले. तेथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. जेथे देव नाही तेथे माझे पाय नेऊन ठेव, या त्यांच्या एका वाक्याने नामदेवांची सोयीस्कर समजूत मोडली. ही परीक्षा घेणारे कोणी पाखंडी नव्हते, वारकरीच होते.

मडके बाहेरून वाजवून आतले ओळखता येते, कारण माती भाजली गेली की तिचा नाद बदलतो. माणसाच्या मनाचे तसे आहे काय? आत कोण आहे, जाणणारा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपल्याकडे कधीही झाकून ठेवलेला नव्हता. किण्व आणि इतर पदार्थ एकत्र आले की जशी मादकता उपजते, तसे महाभूतांच्या मिश्रणातून चैतन्य उपजते, असे चार्वाकांचे म्हणणे होते. माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहाचा आरंभच त्यांच्या मताने होतो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात क्षेत्राचा धनी कोण याविषयीची परस्परविरोधी मते माउलींनी एकामागून एक मांडली आहेत. ज्या मताचे खंडन करायचे ते आधी नीट मांडायचे, ही पूर्वपक्षाची शिस्त आता उभय बाजूंनी सोडली आहे, हे आपले दुर्दैव.

आधुनिक विज्ञानही याच उंबरठ्यावर उभे आहे. मेंदूतील कोणत्या घडामोडींतून जाणीव प्रकटते याचा उलगडा पंचवीस वर्षांत होईल, अशी पैज मेंदूवैज्ञानिक क्रिस्टॉफ कॉख यांनी 1998 साली तत्त्ववेत्ते डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी लावली. 2023 च्या जूनमध्ये न्यूयॉर्क येथे कॉख यांनी जाहीरपणे हार मानली. आपल्यापैकी अनेकांना या बातमीने आनंद झाला असेल. तो आनंद जरा आवरावा. विज्ञानाला एखादी गोष्ट अद्याप उलगडली नाही, याचा अर्थ आत्म्याचे अस्तित्व सिद्ध झाले असा होत नाही. दुसऱ्याच्या अज्ञानावर आपल्या सिद्धान्ताची इमारत उभारणे हे मडके न वाजवताच बाजारात नेण्यासारखे आहे.

आणि हा केवळ पंडितांचा वाद नाही. तुळजापूरला वर्षातून तीनदा भवानीमातेची चल मूर्ती पलंगावर निजविली जाते. घोरनिद्रा, श्रमनिद्रा, मोहनिद्रा अशी त्या निद्रांना वेगवेगळी नावे आहेत. निजलेली देवी तेथे नाही असे कोणी म्हणत नाही. अशा मुलखातील एखाद्या घरात महामार्गावरील अपघातानंतर बेशुद्ध तरुण पडून असतो, आई त्याच्या कानाशी रोज बोलत असते, आणि कोणी तरी शहाणा तिला सांगतो, त्याच्यापर्यंत काही पोहोचत नाही. हे त्याला कशावरून कळले? 2006 साली एड्रियन ओवेन या संशोधकाने नेमका हाच प्रश्न केला. अपघातानंतर कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या एका 23 वर्षांच्या तरुणीला यंत्रात ठेवून, तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर, असे सांगितले. निरोगी माणसाच्या मेंदूचा जो भाग अशा वेळी जागा होतो, तोच तिचाही झाला. ते आधुनिक थापटणेच होते. 2024 साली सहा केंद्रांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. आज्ञेला दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जणांच्या मेंदूने असा प्रतिसाद दिला होता.

म्हणजे त्या आईचे बोलणे हा भाबडेपणा नव्हता. मात्र उरलेल्या 181 जणांत हा प्रतिसाद आढळला नाही, हेही तिला कोणी तरी मायेने सांगितले पाहिजे. त्यांच्या बाबतीतही परीक्षा अखेरची मानता येत नाही. उघडपणे आज्ञा पाळणाऱ्या कित्येक रुग्णांचा प्रतिसादही यंत्राला टिपता आला नव्हता.

दुसरी बाजू अधिक अवघड आहे. अंगात येणे ही आपल्या भागात परिचित गोष्ट. परडी घेऊन जोगवा मागणाऱ्या आराध्यांच्या भक्तीकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. परंतु घुमणाऱ्याच्या शब्दावर एखाद्या बाईला करणी करणारी ठरविले जाते, किंवा आकडी येणाऱ्या मुलीला औषधाऐवजी धुरी दिली जाते, तेव्हा गप्प बसणे ही श्रद्धा नव्हे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याबद्दल आपल्या वर्तुळात पुष्कळ शंका घेतल्या गेल्या. तो शांतपणे वाचला तर दिसते की पूजा, यात्रा, कीर्तन, भजन यांना त्यातून वगळले आहे. अंगात शक्ती संचारल्याचे भासवून इतरांच्या मनात भय निर्माण करणे वा धमकावणे हा त्यात गुन्हा आहे. गोरोबांच्या थापटण्यापुढे न टिकणारी मडकीच या कायद्याला भितील.

चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादाचा विचार करताना आचार्यांनी बजावले आहे की, जो स्वतःच्या कर्माने पीडित झालेला नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच वा राक्षस पीडा देत नाहीत. दोष त्यांच्यावर टाकू नये. हे सांगणारा ग्रंथ पाश्चात्त्यांचा नव्हे. आकडी येणाऱ्या त्या मुलीला आधी डॉक्टरांकडे न्यावे, गोळ्या वेळेवर द्याव्यात. आणि तिच्या आईची इच्छा असेल तर आश्विनात तिला तुळजापूरलाही न्यावे. गोळी त्या दिवशीही चुकवू नये.