दलाली नेमकी कोण देतो?

हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून असलेल्या मारुंजीत घर पाहायला जाणाऱ्या कुटुंबाला एक वाक्य हमखास ऐकू येते : "आम्हाला काही देऊ नका, आमचे बिल्डर देतो." ऐकून बरे वाटते. पण बिल्डर तरी हे पैसे कोठून आणणार? सदनिकेच्या किमतीत ते धरलेलेच असतात.

मला खटकते ते वेगळेच. समजा, सदनिका ६० लाखांची आणि दलाली तीन टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार रुपये. घासाघीस करून भाव दोन लाखांनी उतरला तर तुमचे दोन लाख वाचतात, एजंटाचे मात्र अवघे ६ हजार बुडतात. त्यासाठी सौदा लांबवणे त्याला कसे परवडावे? शेजारचा बिल्डर पाच टक्के देत असेल, तर गाडी आधी तिकडेच वळणार. एजंट लबाडच असतो असे नाही. एका दिवसात चार जागा दाखवणे हेही कामच आहे. पण त्याचा धनी कोण, हे आपण विसरतो.

२०१६च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, २०२३मध्ये महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली. दलालीचा दर मात्र कायद्याने ठरवलेला नाही. म्हणून टक्केवारी सरळ विचारावी. शक्यतो पहिली खेप एकट्यानेच करावी, कारण विक्री कार्यालयात एकदा एजंटाबरोबर गेलात की तुमचे नाव बहुधा त्याच्याच खात्यावर लागते. मग थेट व्यवहारात सवलत मागायला जागा उरत नाही. आणि "आजच बुकिंग करा" म्हणून मोठी रक्कम मागितली, तर नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक घेण्यास हाच कायदा बिल्डरला मनाई करतो.