खड्डे आणि गगनयान

गगनयानाची बातमी आली की लोकलच्या डब्यात एक वाक्य हमखास ऐकू येते: आधी खड्डे बुजवा, मग माणसं वर पाठवा. बोलणाऱ्याची चीड खरी आहे. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून पडून माणसे मेली. त्याच मार्गावर रोज दारात लटकणाऱ्याला अंतराळवीराचे कौतुक कुठून वाटणार? पण चीड खरी असली म्हणून तिने मांडलेला हिशेब खरा ठरत नाही.

केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये गगनयान कार्यक्रमाची मंजुरी वाढवून 20,193 कोटी रुपये केली. त्यात आठ मोहिमा आहेत, भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग आहे, आणि हा खर्च कितीतरी वर्षांत विभागलेला आहे. मुंबई महापालिकेचा 2025-26 या एकाच वर्षाचा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा. अंधेरी-मुलुंडचे रस्ते पैशाअभावी फुटत नाहीत, हे यावरून कळावे. त्या वर्षी केंद्राने खर्चाला काढलेल्या दर शंभर रुपयांत अख्ख्या अंतराळ विभागाच्या वाट्याला जेमतेम सव्वीस पैसे आले.

हे पैसे जातात कुठे, तेही पाहावे. घाटकोपरच्या पुढचे स्टेशन विक्रोळी. तिथे गोदरेजच्या कारखान्यात गेली अनेक वर्षे 'विकास' इंजिने तयार होतात. गगनयान नेणाऱ्या एलव्हीएम-3 रॉकेटच्या द्रवइंधन टप्प्यात अशी दोन इंजिने असतात. त्याच रॉकेटच्या घनइंधन बूस्टरचे अजस्र नळकांडे पवईत लार्सन अँड टुब्रोने घडवले. म्हणजे वर जाते ते यान. मजुरी, वेल्डरचे कसब, तपासणीची शिस्त इथेच राहते.

'मग खासगी कंपन्यांनीच करावे' हे म्हणणे ऐकायला शहाणपणाचे वाटते. पण स्पेसएक्स दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना डिसेंबर 2008 मध्ये तिला 1.6 अब्ज डॉलरचे कंत्राट दिले ते नासाने, अमेरिकी करदात्याच्या पैशातून. वर्षाकाठी मोजकीच इंजिने लागतात, नफा कधी हे सांगता येत नाही. असे काम सरकारने मागणी नोंदवल्याखेरीज कुठला कारखानदार हाती घेईल?

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: यंत्रे स्वस्तात जातात, मग माणूस कशाला? चांद्रयान-3 ने माणसाशिवाय चंद्राचा दक्षिण ध्रुवप्रदेश गाठला, हे मान्यच. पहिली पावले यंत्रानेच टाकावीत. परंतु मंगळावरच्या 'ऑपॉर्च्युनिटी' या अमेरिकी गाडीला बेचाळीस किलोमीटर जायला अकरा वर्षे लागली. डिसेंबर 1972 मध्ये अपोलो-17 चे दोघे चंद्रावर तीन दिवसांत सुमारे पस्तीस किलोमीटर हिंडले आणि शंभर किलोंहून अधिक दगडमाती निवडून घेऊन आले. त्यांतला एक व्यवसायाने भूवैज्ञानिक होता. कुठला दगड उचलायचा हे त्याच्या डोळ्यांनी जागेवर ठरवले. हबल दुर्बिणीची सदोष नजर 1993 मध्ये सुधारली तीही माणसांच्या हातांनी.

उशीर झाला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. 2018 मध्ये लाल किल्ल्यावरून दिलेली 2022 ची मुदत केव्हाच उलटली. पण जीव न्यायचा तर घाई हाच गुन्हा. 21 ऑक्टोबर 2023 ला श्रीहरिकोट्यात, संकटकाळी अंतराळवीरांना रॉकेटपासून दूर नेणाऱ्या यंत्रणेची चाचणी होती. उलटमोजणी पाच सेकंदांवर आली आणि संगणकाने उड्डाण रोखले. दोष शोधून त्याच सकाळी दहाला यान उडाले, कुपी बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. असे थांबणे परवडते ते सार्वजनिक पैशामुळे. भागधारकांना तिमाही नफा दाखवायची धास्ती तिथे नसते.

पैसा जनतेचा म्हणून हक्कही जनतेचा. आपल्या खासदाराकडे दोन गोष्टींचा आग्रह धरा: गगनयानाचा निधी कापू नये, आणि त्यासाठी निवडलेल्या चार अंतराळवीरांपैकी कोणीही कुपीत बसण्याआधी प्रत्येक चाचणीचा अहवाल, फसलेल्या चाचणीचासुद्धा, लोकांपुढे ठेवावा.