अहवाल तयार आहे, पण लोकांनी तो कधी वाचायचा? चंद्रपूरची दारूबंदी, केळकर समिती आणि तुमचा हक्क

२७ मे २०२१. राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी उठवली. १ एप्रिल २०१५ ला लागू झालेली बंदी सहा वर्षांत संपली. शेजारच्या गडचिरोलीत मात्र १९९३ पासूनची बंदी कायम राहिली.

या निर्णयाला आधार होता माजी सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीच्या अहवालाचा. बंदी फसली, अवैध दारू वाढली, या धंद्यात महिला आणि मुलंही ओढली गेली, असं सरकारने सांगितलं. बंदी आणण्यात पुढाकार घेणारे भाजपचे सुधीर मुनगंटीवार एका बाजूला, ती उठवण्यासाठी आग्रही असलेले काँग्रेसचे विजय वडेट्टीवार दुसऱ्या बाजूला, असा सामना रंगला.

पण या गदारोळात एक साधा मुद्दा मागे पडला. घोषणेत येतात ते निष्कर्ष. ते कुठल्या आकडेवारीवर काढले, कोणाचं म्हणणं ऐकलं, कोणाचं ऐकलं नाही, हे कळतं अहवाल वाचल्यावरच. ज्या बायकांनी बंदीसाठी मोर्चे काढले आणि ज्यांचा रोजगार बंदीमुळे गेला, त्या दोघांनाही तो वाचण्याचा सारखाच हक्क आहे.

मग सरकारी अहवाल लोकांसमोर कधी येतात? आणि ते आणायचे की नाही, हे ठरवतं कोण?

'आयोग' आणि 'समिती' यांत फरक काय?

चौकशी आयोग कायदा, १९५२ नुसार नेमलेल्या आयोगाचा अहवाल सहा महिन्यांत कृती अहवालासह सभागृहात मांडावा लागतो. मुंबई दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल युती सरकारला १६ फेब्रुवारी १९९८ ला मिळाला आणि ६ ऑगस्टला विधिमंडळात आला. म्हणजे मुदत संपायला जेमतेम दहा दिवस उरले होते.

शासन निर्णय काढून नेमलेल्या समितीला हे बंधन नसतं. अहवाल कधी मांडायचा, हे सरकारच्या हातात राहतं. झा समिती याच प्रकारातली.

विदर्भाचा अहवाल वर्षभर का थांबला?

चंद्रपूर-गडचिरोलीसाठी याचं आणखी मोठं उदाहरण म्हणजे केळकर समिती. राज्याच्या समतोल प्रादेशिक विकासासाठी अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली ही समिती २०११ मध्ये नेमली गेली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यातली दरी कशी मोजायची आणि निधी कसा वाटायचा, हा तिचा विषय. रस्ता, सिंचन, दवाखाना यांसाठी ताटकळणाऱ्या जिल्ह्यांच्या दृष्टीने हा जिव्हाळ्याचा प्रश्न होता.

अहवाल ऑक्टोबर २०१३ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारकडे गेला. तो सभागृहात मांडा, अशी मागणी विरोधी बाकांवरून होत राहिली. सरकार बदललं आणि २३ डिसेंबर २०१४ ला, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, देवेंद्र फडणवीस सरकारने तो मांडला.

गंमत पुढे आहे. अहवाल उघड होताच विदर्भातल्याच अनेक नेत्यांनी आणि अभ्यासकांनी त्यातल्या शिफारशींवर आक्षेप घेतले. हे आक्षेप योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद. पण मधल्या वर्षभरात ते घेण्याची सोयच नव्हती.

पक्ष बदलतो की खुर्ची?

श्रीकृष्ण अहवालाच्या वेळी तो लवकर बाहेर काढा म्हणणारी काँग्रेस होती आणि सत्तेत शिवसेना-भाजप. २६/११ नंतर चित्र उलटलं. राम प्रधान समितीचा अहवाल एप्रिल २००९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारला मिळाला. जूनमध्ये फक्त कृती अहवाल मांडला गेला, मूळ अहवाल सुरक्षेच्या कारणाने मागेच राहिला. आता तो मागत होते शिवसेना-भाजप. अखेर अहवालातले भाग माध्यमांत फुटल्यावर डिसेंबर २००९ मध्ये तो सभागृहात आला.

सुरक्षेचं कारण नेहमीच बहाणा नसतं. पोलिसांच्या हालचाली, खबऱ्यांची नावं झाकायलाच हवीत, हे गडचिरोलीत वेगळं सांगायला नको. पण त्यासाठी तेवढा भाग वगळून बाकीचा द्यावा, अशी तरतूद माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० मध्ये आहे.

मग सामान्य माणसाने काय करायचं?

कलम ८(१)(झ) नुसार मंत्रिमंडळाची कागदपत्रं गोपनीय असतात. पण निर्णय होऊन विषय पूर्ण झाला, की निर्णय, त्याची कारणं आणि आधारभूत साहित्य जाहीर करावं लागतं. इतर अपवादात बसणारी माहिती मात्र यातून सुटते. तरीही कलम ८(२) नुसार जनहित मोठं असेल, तर गोपनीय माहितीही देता येते.

हे नुसतं कागदावर नाही. पश्चिम घाटावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल केंद्राने २०११ मध्ये दाबून ठेवला होता. केरळमधल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला. केंद्रीय माहिती आयोगाने तो देण्याचा आदेश दिला, दिल्ली उच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला आणि मे २०१२ मध्ये अहवाल संकेतस्थळावर आला.

अर्जाचं शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. नकार आला तर पहिलं अपील त्याच खात्यात आणि दुसरं राज्य माहिती आयोगाकडे. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी आयोगाचं खंडपीठ नागपुरात आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी एखादा नेता 'समितीने असं म्हटलंय' असं सांगेल, तेव्हा तो कोणत्या पक्षाचा, हे नंतर बघता येईल. आधी विचारायचं, कुठल्या पानावर?