गाडी अंबाळ्यालाच राहू द्या

मनसरला महामार्ग सोडला की रामटेकची टेकडी समोर दिसू लागते. बहुतेक पर्यटकांची गाडी घाटरस्त्याने थेट माथ्याजवळच्या वाहनतळात जाऊन थांबते. मग नारळ, दर्शन, वानरांपासून प्रसादाची पिशवी वाचवण्याची कसरत, कालिदास स्मारकापुढे फोटो, आणि लगेच उतरणीला. तासाभरात रामटेक उरकते. संध्याकाळी ही मंडळी नागपुरात परतलेली असतात आणि ‘रामटेक पाहिले’ असे मनापासून सांगतात. प्रत्यक्षात त्यांनी टेकडीचा शेंडा तेवढा पाहिलेला असतो.

या टेकडीची खरी वाट पायथ्याच्या अंबाळा तलावापासून वर जाते. आंबराजाचा कुष्ठरोग या पाण्याने बरा झाला, ही कथा इथल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. काठाने घाट, घाटांवर देवळे, आणि पिंडदानासाठी आलेल्या कुटुंबांची सकाळपासूनची लगबग. ही गर्दी गडावरच्या गर्दीहून वेगळी, दबक्या आवाजात बोलणारी. तलाव मागे टाकून पायऱ्या चढू लागले की दगडाचा तांबूस रंग डोळ्यांत भरतो. जुन्या लेखांत या टेकडीला सिंदूरगिरी का म्हटले, याचा खुलासा तिथल्या तिथे होतो. गाडीच्या काचेतून तो होत नाही.

वर पोहोचल्यावर, गडाच्या दरवाजांआधी, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह अशी दोन बसकी, जाड भिंतींची देवळे लागतात. राममंदिराकडे निघालेले लोक त्यांना ओलांडून पुढे जातात. खरे तर सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. ही देवळे पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. म्हणजे वेरूळचे कैलास लेणे कोरले जाण्याच्या कितीतरी आधीची. आत एक गुडघा वर करून बसलेला भव्य नरसिंह आहे. हिरण्यकशिपूचे पोट फाडणारा उग्र अवतार मनात धरून आलेला माणूस या निवांत बैठकीपुढे थोडा गोंधळतो. केवल नरसिंहाच्या भिंतीवरचा शिलालेख चुन्याच्या थरांखाली दडला होता, तो १९८०च्या दशकात उजेडात आला. लेख बराच झिजलेला आहे, पण त्यात प्रभावतीगुप्तेच्या घराण्याची हकिगत असल्याचे अभ्यासक सांगतात.

ही प्रभावती दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक राजा रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर गेला, मुले लहान होती, आणि राज्याचा कारभार तिने स्वतः हाकला. तिचा ऋद्धपूरचा ताम्रपट रामगिरीस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे, म्हणजे याच टेकडीवरून. रामटेकच्या दक्षिणेला नगरधन आहे, तेच वाकाटकांचे नंदिवर्धन. तिथे २०१५ ते २०१८ या काळात झालेल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली. विदर्भात सोळाशे वर्षांपूर्वी एका बाईने राज्य केले आणि तिच्या काळाचा दगडी पुरावा पार्किंगपासून चार पावलांवर उभा आहे. शाळांच्या सहलींना तो दाखवला जातो का, हे पालकांनी एकदा विचारून पाहावे.

पुढे वराह दरवाजा. तिथल्या अवजड वराहाच्या पोटाखालून जो सरपटत जाईल तो निष्पाप, अशी समजूत आहे; अंगाने भरलेल्यांनी हा न्याय फारसा मनावर घेऊ नये. मग सिंगपूर दरवाजा, भैरव दरवाजा, गोकुळ दरवाजा. देवगडवरच्या विजयानंतर नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी अठराव्या शतकात या देवस्थानाचा जीर्णोद्धार केला. गडाच्या तटबंदीवर भोसलेशाहीची छाप स्पष्ट आहे. देऊळ आणि किल्ला इथे एकाच भिंतीत राहतात.

गोकुळ दरवाजातून आत गेल्यावर लक्ष्मणाचे देऊळ लागते आणि त्याच्या भिंतीवर या लेखाचा मुख्य साक्षीदार आहे. देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या काळातला, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा शिलालेख. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी आणि एल. आर. कुळकर्णी यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. त्यात टेकडीवरच्या आणि भोवतालच्या देवतांची, तीर्थांची नावे आहेत, त्यांचे माहात्म्य आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच कोणीतरी लिहून ठेवले, की हे एक देऊळ नाही, ही फिरण्याची जागा आहे. रामटेकची पहिली पर्यटन-पुस्तिका दगडावर तयार आहे. ती पायी वाचायची आहे, आणि आपण मात्र शेवटचे पान उघडून परत येतो.

पायी फिरणाऱ्याला अडचणीचे प्रश्नही भेटतात, आणि ते भेटलेच पाहिजेत. वाटेवरच्या धूम्रेश्वराशी शंबूकाची कथा जोडलेली आहे. तप केले म्हणून रामाच्या हातून मारल्या गेलेल्या शूद्र तपस्व्याची आठवण रामाच्याच गडावर टिकून आहे, हे गाडीतून येणाऱ्याला कळतही नाही. महानुभावांचे भोगराम देऊळ इथेच. त्या पंथाचे चक्रधरस्वामी गुजरातेतून निघाले ते रामटेकच्या यात्रेला जातो असे सांगून. आणि ‘मेघदूत’मधला रामगिरी हाच, असे मिराशींनी हिरीरीने मांडले, तर छत्तीसगडमधल्या सरगुजाचा रामगढही त्याच मानावर हक्क सांगतो. वाद मिटलेला नाही आणि तो मिटण्याची घाईही नाही.

हे सगळे नागपूरकरांपुरते आहे असे समजू नये. बावनथडी नदीच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या कटंगीतून पाहिले तर रामटेक परराज्यातले आहे, पण परके नाही. १८६७मध्ये बालाघाट जिल्ह्याची उभारणी सुरू झाली तेव्हा भंडाऱ्याचाही भाग त्यात गेला. १९५६पर्यंत या भागाची राजधानी नागपूरच होती. त्या पट्ट्यातल्या पोवारांची परंपरा सांगते, की पूर्वज माळव्यातून आधी नगरधनला आले आणि तिथून वैनगंगेच्या खोऱ्यात पांगले. घरात पोवारी, बाजारात हिंदी आणि पाहुण्यांकडे मराठी बोलणाऱ्या कटंगीच्या माणसाला गडावरून दक्षिणेला नगरधन दाखवले, तर तो आपल्याच वंशावळीचा पहिला मुक्काम पाहत असतो. त्याला हे सांगणारा कोणी वाटेवर असावा, एवढीच मागणी आहे.

ती अवास्तव नाही. अहमदाबाद महापालिकेने १९९७मध्ये काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पायी वारसा-फेरी सुरू केली. पोळांमधून, चबुतऱ्यांजवळून, जुन्या लाकडी घरांपुढून लोकांना संथपणे नेणारी. २०१७मध्ये ते शहर युनेस्कोच्या यादीत आले, देशातले पहिले जागतिक वारसा शहर म्हणून. सगळे श्रेय त्या फेरीचे नाही. पण आपल्या गल्लीत पाहण्यासारखे काही आहे, हे तिथल्या रहिवाशांना रोज येणाऱ्या पाहुण्यांनी दाखवून दिले. पणजीत आल्तिन्हो टेकडीच्या पायथ्याचे फोंतेन्हास हा रंगीत घरांचा मोहल्ला आज टिकून आहे, त्यातही पायी हिंडणाऱ्यांचा वाटा आहेच.

रामटेकला तर शिकवणारी माणसे आयती आहेत. कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय १९९७पासून याच गावात आहे. संस्कृत आणि पुरालिपी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी पाहुण्यांना अंबाळ्यापासून लक्ष्मण मंदिरापर्यंत नेले, तर त्यांच्या अभ्यासाला बाजारभाव मिळेल आणि शिलालेखाला वाचक. त्यासाठी कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही. घाटांची नियमित सफाई, निखळलेल्या पायऱ्यांची दुरुस्ती, चढावर सावली आणि पिण्याचे पाणी, मराठी व हिंदी फलक. सिमेंटच्या कमानी मात्र नकोत.

घाटरस्ता बंद करा, असे कोणी म्हणत नाही. म्हाताऱ्या माणसांना, गुडघे धरलेल्यांना, कडेवर मूल असलेल्या बायांना तो लागतोच. त्यांच्यासाठी खालून लहान बस सोडता येईल. वैदर्भीय उन्हाळ्यात दुपारी हा चढ चढण्याचा सल्लाही कोणी शहाणा देणार नाही. पण त्रिपुरी पौर्णिमेपासून होळीपर्यंतच्या थंडीत आणि आषाढाच्या पहिल्या ढगांत, धडधाकट माणसाची गाडी अंबाळ्याच्या काठी राहायला काय हरकत आहे? जिल्हा प्रशासनाने आणि नगरपरिषदेने येत्या कार्तिकापासून दर रविवारी एक फेरी सुरू करून पाहावी. सकाळी सात वाजता, तलावाच्या घाटावरून.